क्रॉसमॅच जुळलं होतं, तरी आठव्या दिवशी आईला कावीळ कशी झाली?

केतकी_४१

नमस्कार. थोडं लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

माझी आई ६८ वर्षांची. घरात पाय घसरून पडली, डावा खुबा मोडला, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. नंतर हिमोग्लोबिन ७.४ आलं म्हणून रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. आईचा गट बी पॉझिटिव्ह, पिशव्याही बी पॉझिटिव्ह. प्रत्येक पिशवी लावण्याआधी सिस्टरनी आईच्या हातातला पट्टा आणि पिशवीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचून ताडून पाहिली, मी शेजारीच उभी होते. दुसरी पिशवी संपत आली तेव्हा आईला हुडहुडी भरली आणि ३८.४ ताप आला. रक्त लगेच थांबवलं, नमुने रक्तपेढीत गेले, सगळं ठीक आहे असं कळलं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.३. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

आठव्या दिवशी सकाळी आई खिडकीशी बसली होती. उजेड तोंडावर आला आणि मला तिचे डोळे पिवळे दिसले. लघवी गडद तपकिरी झाल्याचं ती आदल्या दिवसापासून पाहत होती, पण ‘औषधांनी असेल’ म्हणून बोलली नाही. बाथरूमपर्यंत जाऊन आली की धाप लागायची. परत भरती. हिमोग्लोबिन ७.१, बिलिरुबिन ४.६. दोन दिवस यकृत, पित्तखडे, औषधांचा परिणाम असं सगळं शोधून झालं, सोनोग्राफी स्वच्छ. मग एका तरुण निवासी डॉक्टरनं जुनी फाईल चाळली आणि विचारलं, “यांना गेल्या महिन्याभरात रक्त दिलंय का?” त्यानंतर संध्याकाळपर्यंत रक्तपेढीचा अहवाल आला: डीएटी (लाल पेशींना अँटीबॉडी चिकटली आहे का ते बघणारी चाचणी) पॉझिटिव्ह, अँटी-जेकेए नावाची अँटीबॉडी सापडली.

आता आई बरी आहे, हिमोग्लोबिन हळूहळू चढतंय. पण मला झोप नाही. क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतल्या पेशी आईच्या रक्ताशी जुळवून बघायची चाचणी, जुळलं होतं ना? मग हे रक्त चुकीचं होतं का? तिच्या स्वतःच्या पेशीही अशाच फुटत राहतील का? आणि पहिल्या दिवशीचा ताप हीच त्याची सुरुवात होती का, तेव्हाच ओळखता आलं असतं का? याआधी तिला आयुष्यात एकदाच रक्त दिलं होतं, ४१ वर्षांपूर्वी, माझ्या जन्माच्या वेळी. काही महिन्यांनी उजवा खुबा बदलायचा आहे, तोही पार झिजलाय. तेव्हा काय करायचं?

सडेतोड

हा उघड उघड निष्काळजीपणा आहे. रक्त जुळत होतं तर पेशी फुटल्याच नसत्या. कुणीतरी पिशव्यांची अदलाबदल केली आणि आता अहवालात काहीतरी इंग्रजी अक्षरं लिहून हात झटकताहेत. लेखी तक्रार करा, गप्प बसू नका.

परीक्षानळी

केतकीताई, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, सव्वीस वर्षं हेच काम करते. तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. आधी एक सांगते, पिशवीची अदलाबदल झालेली नाही. बी गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त लागलं असतं तर आठ दिवस वाट बघावी लागली नसती. पहिल्या काही मिनिटांतच कंबर दुखायला लागते, छाती आवळते, रक्तदाब कोसळतो, लघवी लाल होते. सडेतोड, तुमचा संताप कळतो, पण इथे तो ज्याच्यावर काढावा असा माणूस नाही.

झालं काय, ते सांगते. रक्तगट म्हटलं की ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात लाल पेशीच्या अंगावर शेकडो खुणा असतात, आणि आजवर रक्तगटांच्या ४० हून अधिक पद्धती नोंदल्या गेल्यात. केल, डफी, किड ही त्यातली आमच्या रोजच्या कामातली नावं. ही नावं ज्या कुटुंबांत वा रुग्णांत ती अँटीबॉडी पहिल्यांदा सापडली त्यांची. किड १९५१ मधलं. एका बाईंच्या रक्तात आपल्याच बाळाच्या पेशींविरुद्धची अँटीबॉडी सापडली, आणि जेके ही अक्षरं त्या बाळाच्या नावातली आहेत. जेकेए म्हणजे किड पद्धतीतली एक खूण. कितीतरी लोकसमूहांत चारातल्या साधारण तिघांच्या पेशींवर ती असते. तुमच्या आईच्या पेशींवर नाही.

पिशवी देताना आम्ही ए, बी, ओ आणि डी (म्हणजे आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) जुळवतो. बाकी शेकडो खुणा जुळवत नाही. तशा जुळवायला गेलो तर कुणालाच रक्त मिळणार नाही. त्याऐवजी आम्ही रुग्णाच्या रक्तद्रवात अशा एखाद्या खुणेविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेली आहे का, ते शोधतो. ए आणि बी यांपैकी जी खूण आपल्या पेशींवर नाही तिच्याविरुद्धची अँटीबॉडी तान्हेपणीच आपोआप तयार होते. जेकेए विरुद्धची तशी होत नाही. ती खूण असलेलं परकं रक्त अंगात आल्याशिवाय शरीर तिच्या वाटेला जात नाही. आणि परकं रक्त येतं ते मुख्यतः दोन वाटांनी, पिशवीतून किंवा गर्भारपणात बाळाकडून. तुमच्या आईच्या बाबतीत ४१ वर्षांपूर्वी या दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या होत्या.

तेव्हा अँटीबॉडी तयार झाली असणार. नंतर कामच उरलं नाही म्हणून तिचं प्रमाण घटत गेलं, इतकं की तपासणीत दिसेना. किडच्या अँटीबॉडी याच खोडीसाठी आमच्या क्षेत्रात कुप्रसिद्ध आहेत, त्या फार लवकर विरतात. अँटीबॉडी गेली तरी ती बनवायला शिकलेल्या पेशी मात्र अंगात राहतात. यावेळी दोन पिशव्यांतून जेकेए असलेल्या पेशी आल्या आणि त्या स्मृतिपेशी जाग्या झाल्या. पहिल्या खेपेला अँटीबॉडी बनायला आठवडे लागतात, दुसऱ्या खेपेला काही दिवस पुरतात. म्हणून पहिले काही दिवस सगळं छान होतं, हिमोग्लोबिन ९.३ टिकलं होतं आणि मग आठव्या दिवशी डोळे पिवळे. याला रक्ताची उशिराची रिॲक्शन म्हणतात. बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात येते, म्हणजे नेमकी माणूस घरी गेल्यावर.

आईच्या स्वतःच्या पेशींना धोका नाही. त्यांच्यावर जेकेए नाहीच, तर ही अँटीबॉडी चिकटणार कुठे? फुटल्या त्या दात्याच्या पेशी. तुमचे आकडेच बघा ना. ७.४ वरून दोन पिशव्यांनी ९.३, आणि मग ७.१. दिलेलं सगळं गेलं आणि आई जिथून निघाली तिथे परत आली. एका पिशवीनं मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढतं, तेव्हा हिशेबही बरोबर जुळतो. आईची मूत्रपिंडं ठीक राहिली ही फार मोठी गोष्ट आहे, कारण किडच्या अँटीबॉडी कधीकधी पेशी रक्तवाहिनीतच फोडतात आणि सुटलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना जड जातं. ती गडद लघवी त्याचीच.

पहिल्या दिवशीचा ताप वेगळा. पिशवीत थोड्या पांढऱ्या पेशीही असतात. त्यांच्यावरच्या खुणांविरुद्ध रुग्णाच्या अंगात अँटीबॉडी असतील किंवा साठवणीत त्या पेशींतून काही द्रव्यं पाझरली असतील, तर तासा-दोन तासांत हुडहुडी भरून ताप येतो. तो त्रासदायक असतो, पण त्यात लाल पेशी फुटत नाहीत. ठिकठिकाणी आता पांढऱ्या पेशी गाळूनच पिशवी देतात, त्याचं हेही एक कारण. तेव्हा रक्त थांबवून नमुने पाठवले हे अगदी बरोबर केलं, पण त्या नमुन्यांत आठव्या दिवसाचं दिसणं शक्य नव्हतं.

आता थोडं माझ्या टेबलावरचं सांगते, म्हणजे ‘दिसलं नाही’ म्हणजे काय ते कळेल. परीक्षानळीत रुग्णाचा रक्तद्रव घ्यायचा, त्यात ओळखीच्या ओ गटाच्या पेशींचा थेंब टाकायचा, ३७ अंशावर ठेवायचं, पेशी धुऊन घ्यायच्या आणि शेवटी कूम्ब्स सीरम (पेशींवर चिकटलेली अँटीबॉडी पकडणारा द्रव) घालून फिरवायचं. ही कूम्ब्सची चाचणी १९४५ पासूनची, आणि अजूनही आमचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. फिरवून झालं की तळाशी पेशींचं लाल बटण बसलेलं असतं. नळी दिव्यासमोर धरून अगदी हळू तिरकी करायची. अँटीबॉडी नसेल तर ते बटण धुरासारखं मोकळं होत वर चढतं. असेल तर ढेकळासारखं तुटतं. किडची जर अगदी थोडी असेल तर ना धूर ना ढेकूळ, चिमूटभर रवाळपणा. डोळे बारीक करून बघायचं, पुन्हा हलवायचं, शेजारच्याला दाखवायचं. त्यातही ज्या पेशींवर जेकेएचा दुहेरी डोस (आई-बाप दोघांकडून आलेला) असतो त्यांच्याशीच ती दिसते, एकेरीवाल्यांशी दिसतही नाही. आता जेल कार्डावर काम सोपं झालंय, पण जे नळीत नाही ते कार्डावर कुठून उमटणार?

नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः अशी एक पिशवी दिली होती. तपासणी स्वच्छ, क्रॉसमॅच स्वच्छ, सही माझी. सहाव्या दिवशी त्याच बाईंचा नमुना आला आणि फिरवून झाल्यावर वरचा द्रव पिवळाजर्द दिसला. पेशींवर चिकटलेली अँटीबॉडी सोडवून घेतली आणि अकरा पेशींच्या पॅनलवर लावली, सगळ्या खुणा जेकेएकडे बोट दाखवत होत्या. त्यांच्या यजमानांनी नंतर विचारलं, आधी कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या रक्तपेढीनं ‘अँटी-जेकेए’ असं लिहून दिलं होतं. तो कागद जुन्या ट्रंकेत होता. त्या बाईंना ती गोष्ट इतकी बिनमहत्त्वाची वाटली होती की त्यांनी कुणाला सांगितलीच नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. कुणीच त्यांना ती महत्त्वाची आहे असं सांगितलं नव्हतं.

म्हणून ताई, उजव्या खुब्याच्या आधी करायचं ते एवढंच: आज हातात आहे तो अहवाल जपा. येत्या काही महिन्यांत आईच्या रक्तातून ही अँटीबॉडी परत नाहीशी होण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा तपासणी ‘निगेटिव्ह’ येईल आणि सगळ्यांना वाटेल, चला, गेली. ती जात नाही. आईला यापुढे आयुष्यभर जेकेए नसलेलंच रक्त द्यायचं, तपासणी काहीही सांगो. रक्तपेढीकडून कार्ड मागून घ्या. देत नसतील तर डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं लिहून घ्या. एक प्रत आईच्या पाकिटात, एक तुमच्या फोनमध्ये.

रात्रपाळी

परीक्षानळीताईंनी उशिराच्या रिॲक्शनबद्दल सगळंच सांगितलं. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे, मला लगेचच्या रिॲक्शनबद्दल लिहावंसं वाटतं, कारण नातेवाईक त्यावेळी शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्या डोळ्यांचा फार उपयोग होतो.

पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी हलत नाही. थेंब अगदी सावकाश ठेवते. ए-बी-ओ चुकलं असेल तर थोडक्या रक्तातही कळतं, आणि तेव्हा जितकं कमी गेलेलं असेल तितकं बरं. १९०१ साली लँडस्टायनरनं हे गट दाखवून दिले, त्याला आता सव्वाशे वर्षं होत आली, तरीही असे प्रसंग घडतात. आणि घडतात ते बहुतेक प्रयोगशाळेत नाही, खाटेशी. एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावाच्या नळीत, किंवा एकाची पिशवी शेजारच्याला. म्हणून सिस्टर तिसऱ्यांदा नाव विचारते तेव्हा वैतागू नका. “सांगितलं की आत्ताच” असं लोक म्हणतात, मी तरी विचारते. रुग्णानं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, मी नाव घेऊन “हो ना?” विचारायचं नाही. गुंगीतला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो.

एका आजोबांचं मला आठवतं. ताप नाही, पुरळ नाही, नाडीही बरी. ते फक्त म्हणाले, “पोरी, मला काहीतरी वाईट होणार असं वाटतंय.” मी चाप लावून रक्त बंद केलं. दोन मिनिटांत ओठ निळे पडायला लागले आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ती तीव्र ॲलर्जी होती. पुढे कळलं, त्यांच्या रक्तात आयजीए नावाचं प्रथिन जन्मापासून नव्हतं आणि त्याविरुद्ध अँटीबॉडी होत्या, पिशवीतल्या थोड्याशा द्रवातलं आयजीए त्यांना बाधलं. त्यानंतर त्यांना धुतलेल्या पेशी दिल्या आणि काही झालं नाही. तेव्हापासून रुग्ण ‘कसंतरी होतंय’ म्हणाला की मी आधी चाप लावते आणि मग विचार करते.

शेजारी बसलेल्यांनी एवढं बघावं: थंडी, अंगावर गांधी, कंबरेत किंवा सुई टोचलेल्या हातात आग, धाप, लघवीचा रंग. काहीही वाटलं तर बेल दाबा. आम्ही रक्त बंद करतो, शीर चालू राहावी म्हणून नवी नळी जोडून सलाईन लावतो, जुन्या नळीत रक्त असतं म्हणून तीच वापरत नाही. आणि पिशवी टाकून देऊ नका म्हणून सांगतो, रक्तपेढीला ती परत हवी असते.

लेकीचा_बाबा

माझी मुलगी अकरा वर्षांची, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त. ‘अँटीबॉडी’ हा शब्द आमच्या घरात रोजचा आहे.

आम्ही सुरुवात केली तेव्हा कुणी पूर्ण गट काढला नाही. चार वर्षांची असताना अँटी-ई तयार झाली, वर्षभरानं अँटी-के. मग प्रत्येक वेळी या दोन्ही खुणा नसलेल्या पिशव्या शोधायच्या. मग डॉक्टर म्हणाले, तिचा सविस्तर गट काढू, म्हणजे पुढच्या अँटीबॉडी तरी टाळता येतील. पण तिच्या अंगात तोवर सतत दुसऱ्यांच्या पेशी होत्या. नमुन्यात तिच्या कुठल्या आणि दात्याच्या कुठल्या, नेहमीच्या चाचणीला काय कळणार? शेवटी डीएनएवरून गट काढावा लागला.

म्हणून ज्यांच्या मुलांना नुकतंच निदान झालंय त्यांच्यासाठी लिहितोय, पहिली पिशवी लागण्याआधी सविस्तर गट काढून घ्या. निदान आरएचमधले सी, ई वगैरे आणि केल. एका नळीभर रक्ताचं काम आहे आणि तो दिवस परत येत नाही. माझ्या लेकीला पुढे मूल होईल तेव्हाही अँटी-के चा प्रश्न येणार आहे, ती पोटातल्या बाळाच्या नव्या लाल पेशी बनण्यालाच अडवते. तो विचार मी रात्री करतो, तिला अजून सांगितलेला नाही.

सदाफुली

वाचून धडकी भरली. मी दोन मुलांची आई, वर्षातून दोनदा रक्तदान करते. माझ्याच रक्तात अशा अँटीबॉडी असतील तर त्या घेणाऱ्याला बाधतील का? थांबवू का रक्तदान?

केतकी_४१

सगळ्यांचे खूप आभार. परीक्षानळीताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे माझंच रक्त फुटत नाहीये ना,” आणि पहिल्यांदा नीट जेवली.

अजून एक विचारायचं आहे. मी आणि भाऊ दोघंही बी पॉझिटिव्ह आहोत. पुढच्या ऑपरेशनला परक्याचं रक्त घेण्यापेक्षा आम्हीच दिलं तर? बाबाही म्हणताहेत, माझं घ्या. आपल्या माणसाचं रक्त जास्त जुळेल ना?

परीक्षानळी

सदाफुली, रक्तदान थांबवू नका. दात्याच्या रक्तातही आम्ही अँटीबॉडी शोधतो, आणि लाल पेशींच्या पिशवीत द्रव फार थोडा असतो. तुमची शंका मात्र खरी आहे. गर्भारपणात बाईच्या अंगात पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात. तिचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, दुसऱ्याला दिला तर त्या अँटीबॉडी घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींवर चालून जातात, त्या फुप्फुसात अडकतात आणि सहा तासांच्या आत धाप लागते, फुप्फुसात पाणी भरतं. याला ट्राली म्हणतात. इथे दिशा उलटी असते, अँटीबॉडी दात्याची आणि पेशी रुग्णाच्या. ब्रिटनमध्ये २००३ च्या सुमारास रुग्णांना देण्याचा प्लाझ्मा शक्यतो पुरुषांकडून घ्यायला सुरुवात झाली आणि ट्राली बरीच कमी झाली. पुष्कळ ठिकाणी आता तसंच करतात किंवा बायांच्या प्लाझ्मात त्या अँटीबॉडी आहेत का ते तपासतात. तुमच्या लाल पेशी मात्र आम्हाला हव्यातच. फक्त अर्जावर गर्भारपणाचा रकाना खरा भरा.

केतकीताई, तुमचा प्रश्न फार जण विचारतात, आणि विचारतात ते मायेनंच. पण बाबांचं रक्त आईला नकोच. १९३९ मध्ये लेव्हिन आणि स्टेटसन या दोघांनी एका बाईंची हकीकत छापली. मूल पोटातच गेलेलं, बाळंतपणात रक्त फार गेलं, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचाही गट ओ. तरी भयंकर रिॲक्शन आली. बाळाला बापाकडून आलेल्या एका खुणेविरुद्ध त्या आईच्या अंगात अँटीबॉडी तयार झाली होती आणि तीच खूण नवऱ्याच्या रक्तात होती. आज आपण त्याला आरएच डी म्हणतो. आपल्या लेकरांच्या बापाचं रक्त हे बाईच्या शरीराला कदाचित सगळ्यात जास्त ओळखीचं परकं रक्त असतं.

तुम्ही आणि भाऊ बाबांचीच लेकरं. तुमच्यापैकी एकाच्या किंवा दोघांच्या पेशींवर जेकेए असण्याचा चांगलाच संभव आहे. हे लिहावं की नाही याचा विचार करत होते. आईच्या अंगातली ती अँटीबॉडी तुमच्या जन्मातून आली असेल किंवा तेव्हाच्या पिशवीतून, आता कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्याकडून आली असली तरी त्यात तुमचा काही दोष नाही. शिवाय सख्ख्या नात्यातल्या रक्तात आणखी एक जोखीम असते, दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून त्यालाच परकं समजू लागतात. ते फार क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीव वाचत नाही. त्यासाठी तसं रक्त किरणांखालून काढूनच द्यावं लागतं. तुम्हा दोघांना द्यायचंच असेल तर अवश्य द्या, पण पेढीला द्या, आईला नको.

जेकेए नसलेलं रक्त दुर्मिळ नाही. चारातला एक जण तसा असेल असं धरलं तर दोन पिशव्यांसाठी आठ-दहा पिशव्या तपासाव्या लागतात. हातात चार दिवस असले की आरामात होतं, मध्यरात्री तातडीचं निघालं की धावपळ. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी पेढीला कळवा. आणि नमुना ऑपरेशनच्या आधी तीन दिवसांच्या आतला ताजा द्या. आईचं लोह आत्तापासूनच बघून घ्या. हिमोग्लोबिन १२ घेऊन टेबलावर गेली तर पिशवी लागणारही नाही कदाचित.

सडेतोड

परीक्षानळी, मी उगाच तावातावानं लिहिलं. माझ्या वडिलांना मागच्या वर्षी तीन पिशव्या दिल्या होत्या आणि दहाव्या दिवशी त्यांचं हिमोग्लोबिन का उतरलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. राग तिथला होता. आता एवढ्या उशिरा काही तपासता येईल का?

परीक्षानळी

येईल. वडिलांचा नमुना घेऊन अँटीबॉडीची तपासणी करा, आणि नमुन्यासोबत रक्त कधी, किती दिलं आणि हिमोग्लोबिन कुठल्या दिवशी किती होतं हे लिहून द्या. सापडली तर उत्तम. नाही सापडली तर ‘दहाव्या दिवशी उतार, कारण अज्ञात’ एवढं त्यांच्या फाईलवर ठळक लिहून घ्या. पुढचा तंत्रज्ञ ते वाचून नळी दोनदा तिरकी करेल. आणि त्यावेळचा नमुना कुठे जपून ठेवलेला आहे का तेही विचारून बघा, पण फार आशा ठेवू नका. आमच्याकडे नमुने काही दिवसच ठेवतात.

केतकी_४१

पाच महिन्यांनी लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल म्हणून.

परवा आईचा उजवा खुबा बदलून झाला. मधल्या काळात शिरेतून लोह दिलं, हिमोग्लोबिन ११.८ पर्यंत गेलं. तारीख ठरली त्याच दुपारी मी कार्ड घेऊन रक्तपेढीत गेले. खिडकीवरच्या मुलानं नमुना घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन आला: “तपासणी निगेटिव्ह आहे, काही अँटीबॉडी नाही, साध्या पिशव्या राखून ठेवतो.” परीक्षानळीताई, तुम्ही लिहिलेलं वाक्य माझ्यासमोर होतं. मी म्हटलं, नमुन्यासोबतच्या कार्डाची प्रत बघितलीत का? पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “थांबा, मी सरांना देतो.” सरांनी कार्डवरची तारीख विचारली, जुन्या अहवालाचा फोटो मागवला आणि सांगितलं की जेकेए नसलेल्या दोन पिशव्या निवडून ठेवतो. नऊ पिशव्या तपासल्यावर दोन मिळाल्या.

ऑपरेशनमध्ये एकच लागली. मी तारखा भिंतीवर लिहून ठेवल्यात, अजून बारा दिवस रोज सकाळी आईला खिडकीशी बसवून डोळे बघणार आहे. आज दुसरा दिवस. ती म्हणते, “बघितलेस ना डोळे? आता कार्ड परत माझ्या पाकिटात ठेव.”